सिस्टर, तुम्ही लिहून दिलेल्या त्या पानाबद्दल

सिस्टर, नमस्कार.

कारखान्याच्या कपातीच्या यादीत नाव लागल्यापासून जो तो आमच्याकडे काहीतरी मागायलाच येत होता. कुणाला राजीनाम्यावर सही हवी, कुणाला हेल्मेट आणि ओळखपत्र परत, कुणाला ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून. तुम्ही एकट्या द्यायला आलात.

रक्ताचे रिपोर्ट, कानांची तपासणी, फुंकून घेतात ती फुफ्फुसाची टेस्ट, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्यात. पण मला आभार मानायचेत ते त्यावर टाचलेल्या पानाचे. कोण कुठल्या विभागात किती वर्षं होता, बेंझिनची टाकी साफ करायला कोण उतरायचं, जुन्या स्टीम लाइनचं ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे पाइपावरचं उष्णता धरून ठेवणारं आवरण, कुणी सोललं, सगळं तुमच्या अक्षरात. खाली ठळक रेघ मारून, ‘कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी हे दाखवा.’

आम्हाला त्या दिवशी कर्जाच्या हप्त्यापुढचं काही दिसत नव्हतं. ॲस्बेस्टॉसचा आजार २०-४० वर्षांनीही डोकं वर काढतो, बेंझिन थेट अस्थिमज्जेवर घाव घालतं, हे ज्यांनी सांगायचं ते सुरक्षा सप्ताहात आमच्याकडून घोषणा पाठ करून घेत होते! आणि निरोपाला वक्ता बोलावला. ‘संकटात संधी शोधा’, तासभर. युनियनच्या साहेबांचा फोन त्या आठवड्यात लागलाच नाही, ते एक असो.

तुम्ही मात्र चष्मा कपाळावर सारून एकेकाला खोदून विचारत होतात, ‘ड्रमवर काय लिहिलेलं असायचं? वास कसला यायचा?’ ठेकेदाराच्या पोरांची तर फाइलच नव्हती. त्यांनाही समोर बसवून पान लिहून दिलंत. हे तुमच्या कामात कुठेच बसत नव्हतं, आणि केलं नसतं तरी कुणी जाब विचारला नसता. कारखाने अशाच माणसांच्या जिवावर चालतात, असं मला हल्ली वाटतं. ताळेबंदात ती दिसत नाहीत, एवढंच.

मध्यंतरी खोकला हटेना म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलो. कंटाळून औषध लिहीत होते, पान वाचून थांबले, एक्स-रे काढायला लावला. साधा खोकला निघाला. पण दरवर्षी तपासायचं, असं बजावलंय.

ठेकेदाराच्या पोरांपैकी दोघांची पानं घर बदलताना गहाळ झालीत. तुमच्याकडे नोंद असेल तर पुन्हा लिहून द्याल का? मी येऊन घेऊन जाईन.