नेत्रतपासणीबाबत सभासदांना स्मरणपत्र

संघाच्या सर्व ज्येष्ठ सभासदांना कळविण्यात येते की, ज्यांनी गेल्या वर्षभरात डोळे तपासून घेतलेले नाहीत, त्यांनी या महिन्यात जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात तपासणी करून घ्यावी. मोतीबिंदू ‘पिकल्याशिवाय’ शस्त्रक्रिया होत नाही, हा समज आपल्यात अजून टिकून आहे. प्रत्यक्षात दैनंदिन कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते, आणि फार थांबल्यास ती अवघड होते. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया कृत्रिम भिंगासह विनामूल्य होते. ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सभासदांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मिळते. मात्र खासगी रुग्णालयात जाण्यापूर्वी तेथे ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे विचारून घ्यावे.

मधुमेह असलेल्यांनी, दिसायला काहीही त्रास नसला तरी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दरवर्षी करावी. काचबिंदूही बहुधा दुखत नाही, आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही.

बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी असावे. आधार कार्ड, जुना चष्मा व चालू औषधे बरोबर न्यावीत. एकट्या राहणाऱ्या सभासदांनी, संकोच न करता, सोबतीसाठी कार्यालयात नाव द्यावे.

— सचिव