इकोच्या आकड्यासोबत घराणेही विचारावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा आणि हृदयाची भिंत जाड आढळल्यास सराव थांबवावा, असे सुचवणारे पत्र आपल्या अंकात वाचले. तपासणी व्हावी हे खरे, परंतु जाडी कशाने आली हे विचारल्याशिवाय नुसता आकडा फारसा उपयोगाचा नाही.

माझा पुतण्या परभणीत दोन वर्षे पहाटे सोळाशे मीटरचा सराव करत होता. इकोत डाव्या खालच्या कप्प्याची भिंत १३ मिलिमीटर निघाली आणि ‘पळणाऱ्यांचे असेच असते’ म्हणून त्याला घरी पाठवण्यात आले. वास्तविक १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील ९४७ अव्वल खेळाडूंच्या पाहणीत एवढी किंवा अधिक जाडी केवळ १६ जणांची होती. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी त्याच्या वडिलांचा रक्तदाब विचारला, मग घराण्यात कोणी ऐन तारुण्यात अचानक गेले आहे का ते विचारले, आणि मुलाच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब १५०/९६ होता, आणि वाढलेल्या रक्तदाबानेही हृदयाची भिंत जाड होते. वडिलांची गोळी तर पंधरा वर्षांपासून चालू आहे.

सारखाच सराव करूनही सर्वांचे हृदय सारखे वाढत नाही. ब्रिटिश सैन्यातील नवख्या जवानांच्या १० आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात एसीई जनुकाचा ‘डी’ प्रकार आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळालेल्यांच्या हृदयाचे वजन इतरांपेक्षा अधिक वाढले होते. याच जनुकापासून बनणारे विकर (एन्झाइम) रक्तवाहिन्या आकुंचित करणारे आणि हृदयाच्या स्नायूला वाढीची चालना देणारे द्रव्य तयार करते, आणि रक्तदाबावरची रामिप्रिलसारखी गोळी नेमका त्या विकरालाच आवर घालते. याशिवाय सुमारे पाचशेत एकाला भिंत जाड होण्याचा, बहुधा आनुवंशिक, विकार असतो; घराण्यातील अचानक मृत्यूंचा प्रश्न त्यासाठीच होता. सराव थांबवल्यावर खेळाडूची जाडी ओसरते, या विकारातली सहसा ओसरत नाही.

पुतण्याचा सराव तीन महिने बंद राहिला, गोळी सुरू झाली आणि भिंत ११ मिलिमीटरवर आली. श्रेय विश्रांतीचे की गोळीचे, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितले नाही, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडला.

प्रत्येकाचा इको अकादमीचालकांना परवडणार नाही. परंतु धावण्याची वेळ ज्या वहीत लिहितात, त्याच वहीत मुलाचा बसून मोजलेला रक्तदाब आणि आईवडिलांचे आजार यांसाठी दोन रकाने आखायला काहीच खर्च नाही.

आपला,
एक वाचक, परभणी