अंगठा घेण्याआधी आईला एकदा विचारा तरी

मा. संपादक, स.न.वि.वि.

बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यातला फरक आमच्या आईला कळला तोवर घर तिच्या हातातून गेलं होतं, म्हणून हे पत्र.

घर बाबांनी पीएफच्या पैशातून बांधलेलं, आईच्याच नावावर. बाबा गेल्यावर दादा म्हणाला आत्ताच माझ्या नावावर करून टाक, नंतर वारसाच्या भानगडी नकोत, आणि राहतं घर मुलाला बक्षीस दिलं तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये लागते. आई ७४ वर्षांची, तिला वाटलं आपल्या माघारी घर त्याला मिळेल असं काहीतरी लिहून देतोय. मी सोबत होते, मीही कागद नीट वाचला नाही, ते अजून मनाला लागतं. रजिस्ट्रेशनच्या वेळी आईचा अंगठा मशीनवर उमटेना, भांडी घासून घासून रेषाच झिजल्यात, पदराने पुसत पुसत पाचव्यांदा कुठे तो लागला, फोटो निघाला, सह्या झाल्या, पण "आजी, घर आजपासूनच मुलाचं होतंय, कळलंय ना?" एवढं एक वाक्य कुणी बोललं नाही.

वर्षभरात आईचा पलंग मागच्या पडवीत गेला, मग औषधांचे पैसे बंद झाले. आता ती माझ्याकडे असते.

ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळ करायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. सगळी गोम त्या अटीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी अट होती हे सिद्ध करावं लागेल. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईला कोर्टाने घर परत दिलं, कायदा ज्येष्ठांचं हित बघून वाचा असंही म्हटलं, पण तिथे मुलाने सांभाळायचं वेगळं लिहून दिलेलं होतं. आमच्या कागदात "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी" एवढंच आहे, सांभाळाबद्दल एक अक्षर नाही.

आईला जे हवं होतं ते मृत्युपत्राने सहज झालं असतं. ते साध्या कागदावर होतं, स्टॅम्प ड्युटी नाही, दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, आणि माणूस शुद्धीत आहे तोवर हवं तेव्हा बदलू शकतो, घर शेवटपर्यंत आपलंच. तरीही कुणाला हयातीतच द्यायचं असेल तर सांभाळाची अट आणि तहहयात राहण्याचा हक्क दोन्ही त्याच कागदात लिहून घ्या, पोटचा मुलगा असला तरी.

सरकारला माझी विनंती आहे की आई-वडिलांनी मुलांना करून दिलेल्या बक्षीसपत्रात सांभाळाची अट आधीपासून छापलेलीच असावी, ज्याला नको त्याने ती खोडावी. आणि दुय्यम निबंधकांनी मुलांना पाच मिनिटं बाहेर बसवून ज्येष्ठांना साध्या मराठीत समजावून सांगावं. आमचा अर्ज प्रांतांकडे दिलाय, त्याचं काय व्हायचं ते होईल, पण उद्या सकाळी कुठल्यातरी ऑफिसात दुसऱ्या कुणाची आई रांगेत बसलेली असेल, तिच्यासाठी तरी हे लवकर करा.

आपली,
एक वाचक, सातारा