काका, सूर्याची वही सुरू करून दिलीत त्याबद्दल

काका, हे समोर बसून बोलायचं होतं, पण तुमच्याकडे आलं की तुम्ही लगेच सूर्यावरच्या आजच्या डागांचा विषय काढता आणि आभाराचं राहूनच जातं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही टेलिस्कोप नुसता दिला नाहीत, गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवर येऊन लावूनही दिलात. आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, डोळा लावायचा नाही म्हणजे नाहीच, फाइंडरवर, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर, झाकण, सूर्य मागच्या पांढऱ्या कागदावर पाडायचा आणि डाग पेन्सिलीने उतरवायचे, तेही सकाळी, गच्ची तापायच्या आत, कारण नंतर गरम हवेने सूर्याची कडा थरथरते. मग डागांचे गट मोजून दहाने गुणायचे आणि त्यात सगळे डाग एकेक मिळवायचे, म्हणजे अख्ख्या सूर्यावर एकच डाग असला तरी वहीत आकडा 11!

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पावसाळ्यातलं. ढग असले की शून्य लिहायचं नाही, 'ढग' असंच लिहायचं. शून्य म्हणजे बघितलं आणि डाग नव्हता, ढग म्हणजे बघताच आलं नाही. कोडाईकनालच्या वेधशाळेत 1904 पासून सूर्याचे रोजचे फोटो घेतायत, तिथेच 1909 मध्ये जॉन एव्हरशेडला कळलं की डागाच्या कडेच्या फिकट भागात वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, आणि त्या जुन्या प्लेट्स स्कॅन करून आजही त्यावर अभ्यास होतो हे तुम्ही सांगितलंत तेव्हा 'ढग' या एका शब्दाचं महत्त्व कळलं. कोणीतरी रोज इमानदारीने लिहिलं म्हणून तर ते वापरता येतंय ना.

आणि मे 2024! 13664 नंबरचा तो डागांचा गट, पृथ्वीच्या व्यासाच्या साधारण 15 पट पसरलेला. तुमचा फोन आला, ग्रहणाचा चष्मा काढ म्हणून, मी आईला ओढतच वर नेलं आणि तिला टेलिस्कोपशिवाय, नुसत्या चष्म्यातून डाग दिसला. त्याच गटाच्या स्फोटांमुळे 10 मेच्या रात्री लडाखला हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत ऑरोराचं, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचं, लाल आकाश आलं. ते फोटो बघताना वाटलं, अरे हा तर आपल्या वहीतला डाग! हा आनंद तुमच्यामुळे मिळाला काका, खरंच मनापासून थँक यू.

सध्या वहीत ओळीने ढगच आहेत. गणपती झाले की येते, डागाच्या फिकट भागाची कड पेन्सिलीने कशी काढायची तेवढं परत दाखवा. काकूंना नमस्कार.