स्पीकर घेण्याआधी

इंदूर, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

घरासाठी कुठली साउंड सिस्टिम घेऊ, असं तू परवा विचारलंस. फोनवर उरकण्यासारखा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसले. विजयनगरच्या एका हॉटेलात मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांनी महागड्या यंत्रणांचं प्रदर्शन भरवलं होतं. बाबा आणि मी काल दिवसभर तिथेच होतो. खोल्यांतले पलंग काढून प्रत्येक खोलीत एकेक संच मांडला होता, खुर्च्यांच्या दोन-तीन रांगा होत्या. जाताना मी दोन गोष्टी नेल्या: आजोबांकडची ख्याल गायक अमीर खाँसाहेबांची एल.पी. आणि पेनड्राइव्हवर माझ्या तंबोऱ्याचा, आपल्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्ड केलेला तुकडा. विक्रेते लावतात ते ढोल आणि ते परदेशी बाईंचं मऊ गाणं सगळीकडे छानच वाटतं, कारण ते मूळचं कसं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. माझा तंबोरा कसा वाजतो ते मला नक्की ठाऊक आहे.

तंबोराच का, हे नीट सांगते. माझी पट्टी, म्हणजे माझ्या षड्जाची जागा, काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी). म्हणजे खर्जाची, सगळ्यात खालच्या षड्जाची, तार साधारण १०४ हर्ट्झला लागते आणि तिचा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याच तारेतून निघणारा पाचपट कंपनांचा स्वर, ५२०च्या आसपास येतो. तोच आपला स्वयंभू गंधार. गंधाराला वेगळी तार नाही, तरी जुळलेल्या तंबोऱ्यातून तो आपोआप उमटतो. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो, तार त्याला घासत कंप पावते, आणि तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा हे घासणं नेमकं कुठे आणि किती व्हावं ते ठरवतो. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे. तारेवर ज्या बिंदूपाशी एखादा उपस्वर स्थिर असतो तिथेच तार छेडली, तर पुस्तकातल्या नियमाप्रमाणे तो उपस्वर निघायला नको. तंबोऱ्यात मात्र तो चांगला स्पष्ट निघतो. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना दरवर्षी या जागी मला वर्गातच तंबोरा आणावासा वाटायचा. तर माझी परीक्षा एवढीच: तारा लागोपाठ छेडल्या जात असताना गंधार आपणहून वर येतो का, की फक्त तारांचं झणझण ऐकू येतं?

पहिल्या मोठ्या खोलीत माणसाहून उंच स्पीकर होते, एकेकात पाच-सहा शंकू. तबल्याचा बायाँ त्यावर असा घुमला की छातीत जाणवला. ते ऐकून मला फार आनंद झाला, तो मी लपवणार नाही. एवढा मोठा आवाज इतका सहज, कुठेही न ओरडता येऊ शकतो हे मी प्रथमच अनुभवलं. पण तंबोरा लावला आणि गंधार हरवला! खाली सगळं भरून गेलं होतं. खालचे स्वर जोरात असले की ते वरच्या स्वरांना झाकतात, हा कानाचाच धर्म आहे. त्या खोलीत खालचा भाग स्पीकरपेक्षा भिंतीच जास्त वाजवत होत्या. मी टाळी वाजवून पाहिली, तर दोन उघड्या भिंतींमधून फडफड परत आली. तिथल्या मुलाने समजूतदारपणे आवाज बराच कमी केला, आम्हाला मागच्या भिंतीपासून पुढे बसवलं, आणि अर्धा गंधार परत आला. यंत्र तेच होतं, बदललं ते आमचं बसणं आणि आवाजाची पातळी.

पुढे एका खोलीत हॉर्नचे, म्हणजे कर्ण्यासारख्या तोंडाचे, स्पीकर आणि व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळीचा, ॲम्प्लिफायर होता. ३००बी नावाचा तो व्हॉल्व्ह वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३० च्या दशकात काढला, आणि असा एकच व्हॉल्व्ह जेमतेम आठ वॉट देतो. पण हॉर्न एका वॉटला १०० डेसिबल देत असेल आणि साधा स्पीकर ८५, तर तेवढ्याच आवाजासाठी साध्याला तीसपटीहून जास्त शक्ती लागते. म्हणून वॉटचे आकडे पाहून भुलू नकोस. तिथे खाँसाहेबांचा आवाज इतका जवळ आला की बाबांनी डोळे मिटले. झुमरा तालातली ती अतिविलंबित लय, दोन स्वरांमधली ती थांबायची जागा, आणि त्या जागेत तंबोरा चालूच. आजोबांनी त्यांना इथे इंदुरात समोर बसून ऐकलं होतं. तार सप्तकात गेल्यावर मात्र आवाज थोडा नाकातून आल्यासारखा झाला. बाबांना ते खटकलं नाही, मला खटकलं.

या रेकॉर्डने आणखी एक गोष्ट उघड केली. ती मोनो आहे, दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच वाजतं, त्यामुळे गायक बरोबर मधोमध उभा राहायला हवा. काही खोल्यांत तो डावीकडे सरकत होता. एका बाजूला काचेची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पडदा असला की असं होतं. तुला कुठेही यंत्रणा ऐकवतील तिथे एक मोनो रेकॉर्डिंग आधी लावायला सांग.

सगळ्यात जास्त वेळ मी बसले ती पातळ पडद्यांच्या स्पीकरसमोर. यात शंकू आणि पेटी नसतेच. छिद्रं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये अगदी तलम प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो, त्याला हजारो व्होल्टचा दाब देतात, आणि तो अख्खा पडदा हवा हलवतो. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली असा क्वाडचा स्पीकर विक्रीला आणला, तेव्हापासून या जातीचे चाहते आहेत. मनू, माझा तंबोरा तिथे खरा वाजला. जवारीचा प्रत्येक धागा सुटा, आणि गंधार असा उगवला की मी बाबांचा हात धरला. पण पडदा पुढे आणि मागे दोन्हीकडे वाजतो, म्हणून त्याला भिंतीपासून चांगलं लांब उभं करावं लागतं. जागेवरून जरा सरकलं तर अर्धी गोष्ट निघून जाते, आणि बायाँला वजन नाही. तुझ्या खोलीत तो मावणार नाही.

शेवटच्या एका लहान खोलीत बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसाठी बनवलेल्या छोट्या स्पीकरच्या वळणाची जोडी होती. एलएस३/५ए हे त्याचं नाव. उंची जेमतेम फूटभर. हे बोलणाऱ्या माणसाच्या आवाजावर पारखून घडवले होते, आणि तेच त्यांचं मोठेपण आहे. खर्ज त्यातून नीट येत नाही, तरी तो आल्यासारखा वाटतो, कारण वरचे उपस्वर जागच्या जागी असले की मूळ स्वर कान स्वतः भरून काढतो. लहान रेडिओवरही पुरुषाचा भारदस्त आवाज आपण ओळखतो तो याच कारणाने. गंधार इथेही स्वच्छ होता, आणि किंमत त्या उंच स्पीकरच्या मानाने किरकोळ.

केबल्सची खोली मी लवकर सोडली. तिथल्या एका केबलची किंमत मिरजेच्या चांगल्या तंबोऱ्यांच्या जोडीपेक्षा जास्त होती. पुरेशी जाड तांब्याची तार घे, बाकी पैसे रेकॉर्डिंग्जवर खर्च कर. हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदीच्या, फाइल्सबद्दल तू विचारलं होतंस. सीडी १९८२ साली आली तेव्हाच सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेत होती, आणि माणूस ऐकतो त्या २० हजार हर्ट्झपर्यंत ते पुरतात. मूळ रेकॉर्डिंग कसं झालं यानेच खरा फरक पडतो. फक्त अगदी वरच्या तिखट आवाजांबाबत माझ्यावर विसंबू नकोस. माझ्या वयाला तो भाग कमी ऐकू येतो, तिथे तुझेच कान लाव.

आता तुझी खोली. १४ फूट लांब, १० रुंद, १० उंच, असं तू म्हणालीस. लांबीने खोली साधारण ४० हर्ट्झला घुमेल. रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे दोन्ही मिळून ५६ला, म्हणजे दुप्पट जोराने. इथे मोठे स्पीकर आणलेस तर पहिल्या खोलीत झालं तेच घरी होईल. पडदे आणि सतरंजी त्या खालच्या घुमण्याचं काहीच करत नाहीत, ते टाळीच्या फडफडीवर उपयोगी. खालचं आवरतं ते मांडणीने: स्पीकर कोपऱ्यात नको, आणि तुझी गादी मागच्या भिंतीला टेकवून नको, लांबीच्या एक तृतीयांशावर आण. त्या बीबीसी वळणाची छोटी जोडी, साधा चांगला ॲम्प्लिफायर आणि दोन भक्कम स्टँड, यावर माझं मत पडतं. आणि दुकानात दोन संच ताडून पाहताना आवाज एकाच पातळीवर आणायला लाव. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलंय, आवाज हळू केला की खालचे स्वर कानाला फार कमी होतात. म्हणून जो संच जरासा मोठा वाजतो तोच भरदार वाटतो आणि माणूस तोच उचलून आणतो.

तंबोऱ्याचा तुकडा बाबा आजच तुला पाठवतील. खिडकी कुठल्या भिंतीला आहे, दार कुठे उघडतं आणि शेजाऱ्यांची भिंत कोणती, एवढं कागदावर आखून फोटो पाठव. मग स्पीकर नक्की कुठे ठेवायचे ते मी मोजून कळवते.

तुझी,
आई