दहावीच्या इंग्रजीसाठी वह्या तपासणारे हवेत

ग्रामस्थ मंडळींना, तसेच पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, कुणी थेट दुबईला गेलेल्या आपल्या सगळ्या गाववाल्यांना वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा नमस्कार.

दसरा झाला की आपल्या पाटोदा तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी खाली बेळगावकडे. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, पोरगं दहावीला आहे म्हणून कुणाला मागे राहता येत नाही. पोरं मग आजी-आजोबांपाशी गावात राहतात. बोर्डाचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात तेव्हा आई-बाप अजून फडातच असतात. घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही, आणि पोरींना तर सकाळच्या भाकरी थापूनच शाळा गाठावी लागते. अशा मुलांसाठी वाचनालयाची अभ्यासिका संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ उघडी असते. यंदा तिथे फक्त इंग्रजीच्या वाचन-लेखनावर भर द्यायचे ठरले आहे, आणि त्यासाठी हे आवाहन.

इंग्रजीच का? गणितात अडलेलं पोरगं निदान 'हे जमत नाही' असं सांगतं. इंग्रजीत अडलेलं पोरगं गाईड पाठ करतं आणि सगळं येतं असं समजतं. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, 80 गुणांची असते. त्यातले पुस्तकातल्या उताऱ्यांचे 20 आणि कवितांचे 10 गुण पाठांतरावर काही प्रमाणात निघतात. भाषाभ्यासाचे 10 सरावाने मिळतात, भाषांतराचे 5 आपली मुलं बऱ्यापैकी सोडवतात. राहिले 35. त्यात 15 पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला आणि त्याच्या सारांशाला, 20 लेखनाला: पत्र, संवाद किंवा भाषण, तक्त्यावरून परिच्छेद, बातमी किंवा गोष्ट. हे 35 गुण कुठल्याच गाईडात छापून येत नाहीत. उतारा त्या दिवशीच समोर येतो, आणि लिहायचं ते स्वतःच लिहावं लागतं.

गेल्या हंगामात मुलांच्या वह्या चाळताना गंमत दिसली. पाण्याच्या तक्रारीचं पत्र लिहायला दिलं, तर जवळजवळ सगळ्यांनी महानगरपालिकेच्या आयुक्तांना लिहिलं, आणि तक्रार केली ती 'आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर' पाणी चढत नाही म्हणून! गावात दुमजली घरं मोजायला हाताची बोटं पुरतात. मग त्यांना सांगितलं, आपल्याकडे संध्याकाळची एस.टी. बंद झालीय, आगारप्रमुखांना पत्र लिहा. आता नमुना कुठेच नव्हता. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांची 'रिस्पेक्टेड सर'च्या पुढे गाडी सरकली नाही. एका मुलीने मात्र लिहिलं की सहानंतर गाडी नसल्यामुळे तिची मैत्रीण प्रॅक्टिकल अर्धं टाकून घरी निघते. क्रियापदाचा 'एस' राहिलेला, दोन ठिकाणी काळ चुकलेला, पण पत्र तिचं स्वतःचं होतं. पाचपैकी साडेतीन गुण दिले. एस.टी. अजून सुरू झालेली नाही, ती गोष्ट वेगळी.

असं लिहिलेलं कुणीतरी वाचावं लागतं, आणि आमची अडचण नेमकी तिथे आहे. शाळेतल्या सरांकडे सगळे वर्ग, शिवाय निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं. प्रत्येक मुलाचं रोजचं एक पान ते कुठून तपासणार? म्हणून या वर्षी पैशांच्या आधी आम्ही माणसं मागतो आहोत. बारावीपर्यंत इंग्रजी नीट झालेलं असलं तरी पुरे, फाडफाड बोलता येण्याची गरज नाही. एका तपासणाऱ्याकडे एकच मूल. आठवड्यातून तीन-चार वेळा एका पानाचा फोटो येईल, तो दहा-पंधरा मिनिटांत बघून परत पाठवायचा.

तपासण्याची पद्धत मात्र आम्ही सांगू तीच पाळावी, ही विनंती. सगळ्या चुका लाल करू नका. रक्ताळलेलं पान बघून पोरगं दुसऱ्या दिवशी येत नाही. एका पानावर फार तर तीन चुका धरा, त्याही पुन्हापुन्हा होणाऱ्या: 'ही' नंतर 'गो' लिहिणं, वाक्याची सुरुवात लहान अक्षराने करणं, भूतकाळात सुरू केलेली गोष्ट मधेच वर्तमानात आणणं. सारांश असेल तर एवढंच बघा की तो मूळ उताऱ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा आहे का आणि त्याला शीर्षक दिलंय का. उताऱ्यावरच्या प्रश्नाला पोरांनी अख्खी ओळच उतरवून दिली असेल, तर 'यातले नेमके कोणते शब्द हवेत?' एवढं मराठीत विचारा. उत्तर तुम्ही लिहून देऊ नका.

इथे एक गोष्ट उघड बोललेली बरी. परीक्षेच्या दिवसांत केंद्राच्या भिंतीवरून चिठ्ठ्या पोचवणारे आपल्याच गावचे तरुण होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोर्डाने कॉपीमुक्त अभियान कडक केल्यापासून ते धाडस कमी झालंय. ज्यांना पोरांची इतकी काळजी होती, त्यांनी आता दसऱ्यापासूनच यावं. भिंत चढायची गरज नाही, अभ्यासिकेला दार आहे.

आता पैशांचं. लाईट संध्याकाळीच जाते, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी हवी. जुनी दहा मिनिटांत बसते. सराव कृतिपत्रिकांच्या झेरॉक्सचा खर्च आहे. एका मुलाला जानेवारीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत निदान पाच-सहा पूर्ण कृतिपत्रिका तीन तासांत घड्याळ लावून सोडवता याव्यात असा बेत आहे. वह्या, पेनं, इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या काही प्रती, एवढीच बाकी यादी. शब्दकोश जुने चालतील, पानं पूर्ण असावीत. इंग्रजी वर्तमानपत्राची रद्दी कुणी पुण्याहून येताना आणली तर तीही हवी आहे, विशेषतः लहान बातम्यांची पानं. कपडे, मिठाई, फोटोसाठी दप्तरवाटप यंदा नको.

बचत गटाच्या बायकांनी साडेआठनंतर मुलींना घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी आपणहून घेतली आहे. त्यांच्यासाठी दोन चांगले टॉर्च कुणी दिले तर बरं होईल.

देणगी वाचनालयात समक्ष जमा करावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. हिशेब दर महिन्याच्या अखेरीस फलकावर लावला जाईल, बाहेरगावी असलेल्यांना त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर मिळेल.

वही तपासायला तयार असलेल्यांनी दसऱ्याच्या आत ग्रंथपालांकडे नाव द्यावं. बऱ्याच मुलांच्या घरचा मोबाईल आई-बापांबरोबर कारखान्यावर जातो, त्यामुळे पानांचे फोटो वाचनालयाच्या फोनवरूनच पाठवले जातील. पानावर मुलाचं नाव नसेल, फक्त वहीचा क्रमांक असेल, आणि तपासणाऱ्याने मुलाशी परस्पर संपर्क करायचा नाही. नाव देताना आपल्याला रोज कोणती वेळ सोयीची आहे तेही सांगावं. दुबईतल्यांनी वेळ भारताच्या घड्याळाने सांगावी, मागच्या वेळी त्यात घोळ झाला होता.