डक्ट साफ करणं म्हणजे जाळी पुसणं नव्हे

संपादक महोदय,
आमच्या ऑफिसात एसीच्या जाळीभोवती छतावर काळे पट्टे उमटलेत, सकाळी टेबल पुसलं की दुपारी पुन्हा धूळ, आणि डक्ट, म्हणजे एसीची हवा वाहून नेणाऱ्या नळ्या, साफ करणारे आले ते जाळ्या पुसून, सुगंधी फवारा मारून तासाभरात बिल देऊन गेले! अहो, खरं काम म्हणजे मोठ्या व्हॅक्युमने डक्टमधली हवा सतत ओढत ठेवायची, ब्रशने आतली धूळ सुटी करायची आणि ती हवा हेपा फिल्टरमधून सोडायची, जो ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा ९९.९७ टक्के अडवतो. हवा थंड करणारी कॉइल आणि तिच्याखालचा पाण्याचा ट्रे तर उघडूनही बघितला नाही, बुरशी धरते तिथेच ना. आधीचे-नंतरचे आतले फोटो मागितले तर म्हणे कॅमेरा आणलाच नाही.
– एक वाचक